प्रवाशांची यादी

आधी शब्दांतून ओळख व्हावी आणि मग कधीतरी माणूस भेटावा, हा क्रम मराठी साहित्यव्यवहाराला नवा नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तेव्हा एरवी मासिकांच्या पानांवर एकमेकांना वाचणारी मंडळी समोरासमोर बसली. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. मुलगा ठोमरे म्हणून गेला आणि बालकवी होऊन परतला. दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी आहेत. धारवाडला राहणारे, सभासंमेलनांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे जी. ए. पत्रांतून मात्र इतके मोकळे होत की त्यांच्या निवडक पत्रांचेच चार खंड झाले. भेट माणसाला नाव देऊ शकते, आणि भेटी टाळूनही मैत्री भरगच्च असू शकते. या दोन्ही गोष्टी आपल्या वाङ्मयाने पाहिल्या आहेत.

आमच्यापुढे हा विषय आला तो मात्र वाङ्मयाचा म्हणून नव्हे, तर एका प्रवासाचा हिशेब मांडताना.

आम्ही सतरा जण आहोत. आंतरजालावर कवितांच्या निमित्ताने एकमेकांना भेटलो त्याला आता अकरा वर्षे झाली. कुणी डोंबिवलीचे, कुणी पुण्याचे, कुणी बेळगावचे, एक जण मडगावला, एक जण इंदूरला, एक जण सातासमुद्रापलीकडे. मर्ढेकरांवर भांडलो, अनुवादांची चिरफाड केली, कुणाच्या घरी मृत्यू झाला तेव्हा रात्र रात्र लिहीत बसलो. पण सतराच्या सतरा एका जागी कधी आलो नाही. जालावरच्या मंडळींच्या अशा भेटीला कुणी कट्टा म्हणतात, कुणी गटग म्हणतात. आमचा कट्टा मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या पर्यटनबोटीवर व्हावा, असे मडगावकरांनी सुचवले आणि ते सर्वांना एकदम पटले. नियोजनाचे काम आले आमच्याकडे, म्हणजे समुद्रापासून बहुधा सर्वांत लांब राहणाऱ्या माणसाकडे. मुंबई-पुण्याच्या मंडळींचा एकमेकांच्या व्यवस्थेवर विश्वास नव्हता. सिंदेवाहीचा माणूस तटस्थ ठरला.

सिंदेवाही हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे स्थानक आहे आणि कृषीच्या विद्यार्थ्यांना आमचे नाव भाताच्या संशोधन केंद्रामुळे माहीत असते. पाणी आम्हांला परके नाही. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आता सारेच मामा तलाव म्हणतात, ते आमच्या भागात गावोगाव आहेत आणि त्यांच्याच जिवावर इथला धान पिकतो. परका आहे तो समुद्र. बोट गाठायची तर आधी सुमारे सव्वाशे किलोमीटरवर नागपूर, आणि तिथून रात्रभराच्या गाडीने मुंबई. तेव्हा साहजिकच कुणीतरी विचारले, 'मग आपण तुमच्याकडेच का येऊ नये? ताडोबाही होईल.' या प्रश्नाचे उत्तर शोधताना बोटीचे खरे आकर्षण काय ते आम्हांला उमगले. बोटीला यजमान नसतो.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक होते. हा नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. वडसा हे त्याचे मोठे केंद्र. आमच्या तालुक्यातले नवरगावही त्यात मागे नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव बाहेरही थोडे पोहोचले. परंतु ज्या गावात नाटक असते त्या गावाच्या दृष्टीने नाटक हा उत्सवाचा निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे पाहुणे. घरोघरी सगेसोयरे येतात, चुली दिवसभर पेटलेल्या असतात, ओसरीवर सोयरिकी जुळतात, आणि रात्री सगळे मिळून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. हे भेटणे गावाच्या घराघरांतून होते, म्हणूनच ते आतिथ्यशील आहे. आणि त्याच कारणाने ते चौकसही आहे. नवा माणूस ओसरीवर टेकला की पाण्याच्या पेल्यामागोमाग प्रश्न येतो : पाहुणे कोण? कुठले? या 'कोण'चे उत्तर नुसत्या नावाने पुरे होत नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये.

घरी बोलावणे म्हणजे घर दाखवणे. किती खोल्या, कोणते देव, भिंतीवर कुणाचा फोटो, भांडी स्टीलची की पितळेची, आत कोण राबते आहे. जालावरच्या मैत्रीत यांपैकी काहीच दिसत नाही, आणि आमच्यातल्या कित्येकांना ती मैत्री प्रिय आहे ती त्यामुळेच. बोटीवर सगळेच पाहुणे. कुणाच्या घरची चादर नाही, कुणाच्या आईला कष्ट नाहीत, कुणावर उपकार नाहीत. सतरा जणांना बोट एकदम पटली तिचे कारण समुद्र नव्हता, हे आम्ही आज खात्रीने सांगू शकतो.

कोकणातल्या वाचकाला यात नवल वाटेल, कारण त्याच्या आजोबांच्या आठवणीतली बोट अगदी वेगळी होती. मुंबईहून निघून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणारी ती बोट म्हणजे घरी जाण्याची वाट होती. प्रवासी डेकवर वळकटी पसरीत आणि पडावातून धक्क्यावर उतरले की न्यायला कुणीतरी आलेले असे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती सेवा बंद पडली. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, ती फार काळ टिकली नाही. २०२१ साली 'कॉर्डेलिया एम्प्रेस' मुंबईहून निघू लागली. या नव्या बोटींवर माणूस कुठे पोहोचण्यासाठी चढत नाही. बोट हेच मुक्कामाचे ठिकाण. साहित्यिकांनाही अशा फिरत्या भेटीची गोडी आहेच. २०१५च्या घुमानच्या संमेलनाला खास रेल्वेगाड्या गेल्या, आणि २०२५च्या दिल्लीच्या संमेलनाला पुण्याहून निघालेल्या गाडीत तर चालत्या प्रवासातच साहित्ययात्रींचे संमेलन भरले.

असो. आम्ही तीन रात्रींचा प्रवास निवडला आणि समूहासाठी सवलतीचे दर विचारले. तिकडून एक तक्ता आला. त्यात रकाने होते : पूर्ण नाव, ओळखपत्रावर असेल तसेच, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक, खोलीचा प्रकार, खोलीतील सोबती. तक्ता भरून एका ठरावीक तारखेच्या आत, अनामत रकमेसह, गटप्रमुखाने पाठवायचा होता. एका सामान्य व्यापारी कागदापलीकडे त्यात काही नव्हते. परंतु आमच्या मैत्रीने अकरा वर्षे जे जे विचारले नव्हते ते सगळे त्या सहा रकान्यांत ओळीने मांडलेले होते.

पहिला अडसर पैशाचा. बोटीचे दर माणशी सांगतात, पण ते खोलीत दोघे आहेत असे धरून. एकट्याने खोली घेतली तर त्याला बरेच अधिक मोजावे लागतात, आणि तिसरा-चौथा सोबती असला तर त्याचा दर उतरतो. शिवाय खोल्यांचे प्रकार. बिनखिडकीची आतली खोली स्वस्त, खिडकीची त्याहून महाग, सज्जाची सर्वांत महाग. शब्दांत आम्ही सारे एका पातळीवर होतो. तक्त्याने आम्हांला एका दिवसात तीन मजल्यांवर वाटून टाकले. आमच्यातले एक स्नेही वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात शेती करतात. अनामत रक्कम ऑगस्टात भरायची होती. ऑगस्टात रोवणीची मजुरी देऊन धानवाल्याचे हात रिकामे झालेले असतात. हलका धान दिवाळीच्या सुमारास कापला जातो, भारी त्यानंतर. मग चुरणे, मग खरेदी केंद्र, मग पैशाची वाट पाहणे. आम्ही तारीख फेब्रुवारीची ठरवली, पण अनामत रकमेला धानाचे वेळापत्रक कळत नव्हते.

दुसरा अडसर आला तो व्याकरणाने झाकून ठेवलेला. सतरा हा आकडा विषम. दोघादोघांच्या आठ खोल्या केल्या तरी एक जण उरतो. जोड्या लावायला बसलो तेव्हा ध्यानात आले की आमच्यातली एक व्यक्ती स्त्री की पुरुष हे सोळांपैकी कुणालाच ठाऊक नाही. इंग्रजीत हे लपवणे सोपे आहे. मराठीत 'मी जातो' किंवा 'मी जाते' एवढे म्हटले की गुपित फुटले. पण 'मी कविता वाचली' यात क्रियापद कवितेशी जुळते, वाचणाऱ्याशी नाही. 'मला वाटते', 'मला आठवले' यांतही बोलणाऱ्याचे लिंग उघड होत नाही. जुनी पत्रे चाळली तर ही व्यक्ती अकरा वर्षे अशाच वाटांनी चालत आलेली दिसली, आणि जिथे वाट नव्हती तिथे 'आम्ही' या सर्वनामाचा आधार घेतलेला. 'आम्ही गेलो' हे कुणीही म्हणावे. या सर्वनामाची ती सोय आम्हांला स्वतःलाही चांगली परिचित आहे, त्यामुळे अधिक चौकशी न करता आम्ही एवढेच लिहिले की खोलीत सोबत हवी की नको ते कळवावे. उत्तर आले : 'स्वतंत्र खोली. फरक भरण्यास तयार.' त्या वाक्यातही क्रियापद नव्हते!

तिसरा अडसर मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्यातल्या आणखी एका स्नेह्यांनी अकरा वर्षे नुसत्या नावाने लिहिले आहे. आडनाव नाही. मराठी कवितेत ही जुनी रीत आहे. बी, अनिल, ग्रेस, सगळे आडनावावाचून आपल्याला पुरेसे वाटतात. नागपूरच्या ग्रेसांचे मूळ नाव माणिक गोडघाटे हे वाचकाला कळते ते फार तर परिचयाच्या ओळीत. या स्नेह्यांची ओळ तक्त्यात रिकामी राहिली. चार दिवसांनी त्यांचे पत्र आले. 'बोटीला माझे आडनाव सांगायला माझी हरकत नाही. तिला ते लागते. तुम्हां सोळा जणांना अकरा वर्षांत ते लागले नाही. ते आता एका यादीतून कळावे असे मला वाटत नाही.'

यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. 'आपल्यात असे कोण पाहते?' हा सूर सर्वांत मोठा होता आणि तो मनापासूनचा होता यात शंका नाही. तरी आम्हांला असे वाटते की हा प्रश्न ज्याला कधी आडनाव विचारले गेले नाही, किंवा विचारल्यावर ज्याचे काही बिघडले नाही, त्याचा आहे. महाराष्ट्रात आडनाव हे बहुतेकदा जातीचे दार असते. ते आपण होऊन उघडणे वेगळे आणि दुसऱ्याने तक्ता पुढे करून उघडायला लावणे वेगळे. एकत्र जमण्याच्या निमंत्रणाला नकार मिळाला की आपण जमणाऱ्यांचे मन कसे मोकळे होते तेच सांगत बसतो. नाकारणाऱ्याने काय पाहिले ते विचारीत नाही. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांकडून ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले तेव्हा महात्मा फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे इतरांचे माणुसकीचे हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. आमची सतरा जणांची सहल आणि ती सभा यांची तुलना करण्याचा हा प्रयत्न नव्हे. पण ग्रंथकारांनी एकत्र जमावे हा विचार आपल्याकडे जितका जुना आहे, जवळजवळ तितकाच हा नकारही जुना आहे, एवढे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बोटीने यादी मागणे मुळीच गैर नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. समुद्रावर कोण आहे आणि किती जण आहेत हे कप्तानाला माहीत असलेच पाहिजे. बोट सुटण्यापूर्वी प्रवाशांना आपापल्या ठरलेल्या जागी जमवून जी सुरक्षेची कवायत घेतात तीही त्यासाठीच. पण त्याच विचारातून आम्हांला वाट सापडली. यादी बोटीची आहे, मित्रांची नव्हे. तिला मित्रांच्या हातून जाण्याचे कारण एकच, समूहाची सवलत.

आम्ही सवलत सोडली. प्रत्येकाने आपले तिकीट आपण काढायचे, आपली खोली आपण निवडायची, आपला तक्ता आपण भरायचा, असे ठरले. कोण कोणत्या मजल्यावर आहे हे कुणी कुणाला विचारायचे नाही. याने पैशाचा तो उघडा उतारही झाकला गेला. जेवणघरातले एकत्र टेबल मात्र गेले, शेजारशेजारच्या खोल्या गेल्या. आणि माणशी जो फरक पडला तो साधारण आमच्या सिंदेवाही ते मुंबई जाण्यायेण्याच्या भाड्याइतका होता. डोंबिवलीकरांना तो जाणवला नाही. दोघांना जाणवला. त्यांनी माघार घेतली, आणि त्यांतले एक वैनगंगेपलीकडचे धानवाले आहेत.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो. एकाचे आडनाव झाकण्याची किंमत दुसऱ्याने भरली, आणि ती भरणारा आमच्यातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी नव्हता. बाकीच्यांनी वर्गणी काढून त्यांचे तिकीट काढावे अशी सूचना आली होती. ती त्यांच्यापर्यंत जाण्याआधीच आम्ही थांबवली, कारण यजमान नको म्हणून बोट निवडलेल्या मंडळींनी एकाच माणसाला आश्रित करून न्यावे, हे आम्हांला पटले नाही. निर्णय बरोबर होता असे आम्ही आजही मानतो. तो निर्दोष होता असे म्हणणार नाही.

धानवाल्या स्नेह्यांनी त्यानंतर सर्वांना निमंत्रण धाडले आहे. फेब्रुवारीत तुम्ही बोटीवर जा, त्याआधी दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईला या. नाटक आहे, घर लहान आहे, मांडव मोठा घालू. खाली एक ओळ होती : 'गावात कुणी कोण म्हणून विचारले तर माझे पाहुणे म्हणा, पुढचे मी पाहीन.' ती ओळ आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. यजमान म्हणजे नुसता जेवू घालणारा नव्हे. पाहुण्याच्या वतीने उत्तर देणारा तो यजमान, हा अर्थ आम्ही बोटीच्या नादात विसरून गेलो होतो. बोटीवर असे उत्तर देणारा कुणी नसतो म्हणूनच तिथे प्रत्येकाला आपले कागद घेऊन उभे राहावे लागते. 'माझे पाहुणे' एवढ्या उत्तराने प्रत्येक ओसरीवरचा प्रश्न मिटेल असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. आमच्या भागातली गावे आम्ही ओळखतो. पण तो प्रश्न अंगावर घ्यायला निदान एक माणूस तयार आहे.

नुसत्या नावाने लिहिणाऱ्या स्नेह्यांनी बोटीचे तिकीट काढले की नाही हे आम्हांला माहीत नाही. ठरल्याप्रमाणे आम्ही विचारलेले नाही. मंडईच्या निमंत्रणावर मात्र त्यांनी एक चौकशी केली आहे : नाटक किती वाजता सुरू होते, आणि रात्री थंडी फार असते का? आम्ही कळवले की पडदा उघडायला दहा तरी वाजतात, पहाटे गारठा असतो, घोंगडी आमच्याकडून आणू.